अठरा घरांची आमटी

महानंदाक्काला काही विचारायचं असेल तर आधी तिची भाकरी खावी लागते, हे हळेतोटात सगळ्यांना ठाऊक होतं. रिकाम्या पोटी आलेल्या माणसाशी ती बोलायचीच नाही. मीटर बघायला आलेला असो, मतं मागायला आलेला असो, नाहीतर देवाच्या नावानं पावती फाडायला आलेला असो. "बसा, दोन घास खावा, मग तुमचं काय ते सांगा," असं म्हणून ती ताटली पुढं सरकवायची. आता हा तिचा निव्वळ चांगुलपणा होता असं कुणी समजू नका. खाणाऱ्याचं तोंड भरलेलं असतं, आणि तेवढ्या वेळात तिला आपलं म्हणणं रेटून नेता यायचं.

हळेतोट म्हणजे कन्नडमध्ये जुनी बाग. बाग कुणीच बघितलेली नाही. बेंगळुरातल्या एचएसआर लेआउटच्या आखीव रस्त्यांच्या मागे एक एकरभर जागा, तिच्यावर पत्र्याच्या छपरांची एकोणीस घरं, आणि मधून जेमतेम चौदा फुटांची गल्ली. राहणारी माणसं निपाणी, चिकोडी, खानापूर ह्या पट्ट्यातली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि कामावर पडेल ती भाषा. पुरुष कुणी बांधकामावर, कुणी सोसायटीच्या गेटवर, कुणी कंपन्यांच्या गाड्यांवर. बायका सगळ्या भाकरीला.

ह्या भाकरीची सुरुवात महानंदाची. सोळा वर्षांपूर्वी ती निपाणीहून नवऱ्याबरोबर इथं आली. देवाप्पा सेंट्रिंगचं काम करायचा. मारतहळ्ळीकडे जाताना काचेच्या ज्या इमारती दिसतात त्यांतल्या चार तरी त्याच्या हातच्या, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आठ वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला. पोरबाळ नव्हतं. भाऊ न्यायला आला, तर त्याला तिनं जेवू घातलं आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. मग मारतहळ्ळीच्या एका हॉटेलात जाऊन मालकाला म्हणाली, "तुमच्याकडे जोळद रोट्टी म्हणून जे देताय ते आमच्याकडे म्हशी खात नाहीत. उद्यापासून मी देते." मालकाला राग आला, पण तिची ज्वारीची भाकरी आवडली.

एक तवा होता, त्याचे सहा झाले. शेजारणी आल्या. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची लांबच लांब शेड उभी राहिली आणि शेडच्या पाठीमागे आठ बाय दहाच्या खोलीत महानंदा राहायला लागली. सकाळी सातला शेगड्या पेटायच्या, बारापर्यंत अठरा बायका आणि ही एकोणिसावी, सगळ्यांचे हात पिठात. पहिला तवा हॉटेलाचा नाही, गल्लीतल्या पोरांचा, हा तिचा नियम. पोरं दप्तरासकट शेडमध्ये बसून खायची आणि तिथूनच शाळेला पळायची. गल्लीत कुणाच्याही घरी भाकरी म्हणून थापली जायची नाही. कशाला थापतील? शेडमध्ये डोंगर पडलेला असायचा.

आणि हेच पुढे नडलं.

झालं असं, की पालिकेनं एक चांगला निर्णय घेतला. सरकारी निर्णय चांगला असला की आपल्याकडे माणूस आधी घाबरतो, तसे हळेतोटवालेही घाबरले, पण निर्णय खरंच चांगला होता. शहराच्या नव्या नकाशात हळेतोटची जागा रहिवासी पट्ट्यातच ठेवली होती. मोठ्या बिल्डरच्या घशात ती जाणार नव्हती. तिथंच चार मजली इमारत बांधून, राहत्या प्रत्येक कुटुंबाला त्याच जागी एक पक्कं घर मिळणार होतं. आधी मोजणी, मग यादी, यादीवर हरकती, मग घरं.

मोजणीला मंजुनाथ नावाचा माणूस आला. पालिकेच्या गृह विभागातला, पस्तिशीचा, घामाघूम झालेला, हातात टॅब. आला तो नेमका अकराला. त्या वेळी गल्लीत कुणी नव्हतं, घरांना कड्या होत्या, आणि सगळ्या बायका शेडमध्ये. महानंदानं त्याला बसवलं, दोन भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगाचटणी वाढली. टॅबमध्ये प्रश्न होता, कुटुंबाचं स्वयंपाकघर वेगळं आहे की सामाईक. खाता खाता त्यानं विचारलं, "अक्का, इथं चुली किती?"

आता ही बाई सरळ उत्तर देईल तर शपथ. तिची मान ताठ झाली. "चुली कशाच्या किती, सर? एकच. एकोणीस घरांची भाकरी एका आगीवर होते. बेंगळुरात असं दुसरीकडे दाखवा."

"म्हणजे सगळे इथंच जेवता?"

"मग काय? आम्ही सगळे एक घर आहोत."

तिचा उजवा हात म्हणजे शालन. लहानखुरी, तोंडानं फटकळ, महानंदापेक्षा दहा वर्षांनी लहान. नवरा टाकून गेलेला, एक मुलगी रम्या, ती कॉलेजात. शालननंही वरून फोडणी घातली. "वेगळी चूल मांडणारी इथं कोण टिकलीय?" सगळ्या हसल्या. मंजुनाथही हसला. त्यानं टॅबवर बोट फिरवलं, हात धुतला आणि "ऊटा छान होतं" असं जेवणाचं कौतुक करून गेला.

दोन महिन्यांनी वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर यादी लागली. रम्यानं तिचा फोटो काढून आणला. हळेतोट, एकूण कुटुंबं : एक. कुटुंबप्रमुख : महानंदा देवाप्पा. सदस्य : चौऱ्याहत्तर. मंजूर घरं : एक.

तिनं ते शेडमध्ये वाचून दाखवलं. तव्यावरची एक भाकरी करपली तेव्हा कुठं कुणीतरी हललं. मग शालन म्हणाली, "चौऱ्याहत्तर माणसं एका घरात. झोपायचं कसं, उभं राहून?" कुणी हसलं नाही. 'आम्ही सगळे एक घर आहोत' हे शब्द महानंदाचेच होते. कुणी तिला बोल लावला नाही, त्यानं तिला जास्त लागलं.

यादीसोबतची नियमावली इंग्रजीत होती. ती वाचायला श्रीरंगला बोलावलं. श्रीरंग पुण्याचा, एचएसआरमध्ये भाड्यानं राहायचा, आउटर रिंग रोडवर कुठल्याशा कंपनीत होता, आणि रविवारी भाकऱ्या न्यायला स्वतः यायचा. त्यानं सगळी पानं वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "अक्का, डेफिनिशन एकदम क्लिअर आहे. एका किचनमध्ये जेवणारे म्हणजे एक हाउसहोल्ड. तुम्ही टेक्निकली एकच फॅमिली आहात."

"टेक्निकली गेलं खड्ड्यात," महानंदा म्हणाली. "घराघरात शेगडी हाय की. भाकरी तेवढी हितली, आमटी-कोरड्यास ज्याच्या त्याच्या घरात हुतंय. हरकत लिहू. सांगू त्यास्नी, ही शेड घरातली न्हाई, धंद्याची हाय."

"तिथंच लोचा आहे ना." श्रीरंगनं आणखी एक पान काढलं. "हा रेसिडेन्शियल झोन आहे. धंदा चालवायचा तर समोरचा रस्ता चाळीस फुटांचा पाहिजे. तुमची गल्ली चौदाची. शेड कमर्शियल आहे असं तू लिहून दिलंस की ते ती बंद करणार. लगेच."

महानंदानं त्याच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. शेड घरची म्हटली तर घर एकच. शेड धंद्याची म्हटली तर शेड बंद. तिसरी वाट नव्हती.

"अजून एक आहे," श्रीरंग हळू आवाजात म्हणाला. "तू शेडच्या मागच्या खोलीत राहतेस. ते स्ट्रक्चर एकच धरतात. शेड कमर्शियल झाली की खोली पण झाली. मग तुझं नाव यादीत येणारच नाही, अक्का. बाकी अठरांचं येईल."

ती बराच वेळ परातीतलं पीठ बोटानं एका बाजूला सारत राहिली. मग तिनं विचारलं, "हे कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"सांगू नको. आणि भाकऱ्या घेऊन जा, गार व्हायल्यात."

तिला वाईट वाटलं नाही असं नाही. देवाप्पानं जन्मभर दुसऱ्यांचे स्लॅब भरले, एक दिवस आपल्या डोक्यावर भरू म्हणत गेला. त्या स्लॅबची वाट ती एकटीनंही बघत होती. पण तिचा हिशेब सरळ होता. तोंड तिचं सुटलं होतं, निस्तरायचंही तिनंच. हरकतीला पंधरा दिवस होते आणि त्यांतले चार गेले होते.

दुसऱ्या दिवशी काम उरकल्यावर तिनं सगळ्यांना शेडमध्येच बसवलं आणि शेडचं काय होणार ते सांगितलं. आपल्या खोलीचं सांगितलं नाही. कुणी रडलं. शालन उठून उभी राहिली.

"घर घिऊन काय चाटायचं हाय?" ती म्हणाली. "घर मिळंल तीन वर्षांनी. भाकरी उद्या बंद हुईल. रम्याची फी तुझी इमारत भरणार हाय?"

"भाकरी कुठंबी थापता येती, शालन. हात आपलं हाईत. जागा एकदा गेली की ह्या गावात परत पाय टेकू देत न्हाईत कुणी."

"तुझं बरं हाय. एकटा जीव. तुला काय?"

हे बोलून शालनलाच कसंनुसं झालं असावं, पण बोललेलं परत गिळता येत नाही. महानंदाचा चेहरा दगडासारखा झाला. "मला काय ते माझं मी बघीन. तुला हो म्हणायचं नसलं तर म्हणू नको. सोमवारी सकाळी घरात जी आमटी हुईल ती डब्यात घालून दे, तेवढं कर. सगळ्यांनी द्यायची. मुद्दाम काय चांगलं करायचं न्हाई. रोजचं हुतंय तेच."

"आमटीचं काय करणार?" कुणीतरी विचारलं.

"खायला घालणार," महानंदा म्हणाली. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि ते तिला माहीत होतं.

त्या दिवसापासून शालन तिच्याशी बोलेनाशी झाली. शेजारी बसून भाकऱ्या थापायच्या आणि मीठ हवं असेल तर तिसरीला सांगायचं. पण सोमवारी सकाळी बाकीच्या सतरा डब्यांबरोबर शालनचाही डबा दारात आला. रम्यानं आणून ठेवला आणि गेली.

वॉर्ड ऑफिसात हरकती ऐकायला मंजुनाथच बसला होता. वरचे साहेब मीटिंगला गेले होते. साहेब नेहमीच मीटिंगला जातात, त्यात नवल नाही. महानंदा दोन पिशव्या घेऊन आत शिरली आणि टेबलावरच्या फायली बाजूला सारून एकेक डबा मांडायला लागली. बारा डब्यांत टेबल संपलं, मग उरलेले खुर्चीवर आणि खिडकीत.

"हे काय, अक्का?"

"पुरावा," ती कन्नडमध्ये म्हणाली. "तुम्ही एक घर लिहिलंय. ही अठरा घरं आहेत. चाखून बघा. एका चुलीवरची निघाली तर मी हरकत मागे घेते."

बाहेर रांगेत उभी असलेली माणसं आत डोकवायला लागली. मंजुनाथनं इकडेतिकडे बघितलं. पण त्या बाईची भाकरी त्यानं खाल्ली होती, त्यामुळे एकदम हाकलून देणं त्याला जड गेलं. त्यानं चमचा घेतला.

पहिली तुरीची, चिंच-गुळाची. दुसरी हुलग्याची, लसणानं नुसती घमघमणारी. तिसरी शेंगदाण्याची, दाट. चौथ्या डब्यात अंडी होती. "हे बाजूला ठेवा, आज सोमवार," तो म्हणाला. पाचवी चक्क सांबार निघाली, कारण त्या घरात तुमकुरूची सून आली होती. सहावी इतकी तिखट, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ही खानापूरवाल्यांची," महानंदा म्हणाली. "त्यांना मिरचीशिवाय झोप येत नाही." नवव्या डब्याला त्यानं पाणी मागितलं. अकरावी अळणी होती. त्या घरातल्या म्हाताऱ्याचं मीठ डॉक्टरनं बंद केलं होतं. हे सांगताना महानंदानं म्हाताऱ्याचं वय, दुखणं आणि डॉक्टरची पाटी कुठं लागलीय तेही सांगितलं. चौदाव्या डब्यानंतर मंजुनाथनं चमचा खाली ठेवला.

"पुरे, अक्का. कळलं."

"अजून चार घरं राहिली, सर. मोजणी अर्ध्यात सोडू नका. मागच्या वेळी तसंच झालं."

त्यानं राहिलेल्या चारही चाखल्या. मग तोंड पुसून, जरा कडक होऊन म्हणाला, "चव हा काही पुरावा होत नाही."

"माझ्या हातची भाकरी खाऊन तुम्ही एक घर लिहिलंत, तेव्हा झाला की."

रांगेतला एक म्हातारा खो खो हसला. मंजुनाथ लाल झाला, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं टॅब पुढं ओढला. सकाळी सहाला, घराघरात स्वयंपाक चालू असताना फेरतपासणी करतो म्हणाला. गुरुवार ठरला. "पण आज एक रकाना भरावा लागेल," तो म्हणाला. "अठरा घरांत अठरा चुली, बरोबर. मग ती शेड काय आहे?"

हे येणार हे तिला माहीत होतं. रात्रंदिवस तिनं हेच घोकलं होतं. त्या शेडचा एकेक पत्रा तिनं स्वतः उभं राहून बसवून घेतला होता.

"धंदा," ती म्हणाली. "लिहा."

मंजुनाथनं मान वर केली. "अक्का, याचा अर्थ समजतो ना? शेड बंद करावी लागेल. आणि तुमची खोली त्यातच आहे. तुम्हाला घर मिळणार नाही."

"म्हणून तर अठराच डबे आणलेत. माझा आणलेला नाही. लिहा, सर, तुमच्या मागे रांग आहे."

त्यानं लिहिलं. तिनं जबाबावर सही केली, मोठ्या, ठळक, मराठी अक्षरांत. गुरुवारी सहाला तो आला, अठरा दारांतून वाकून आत गेला, अठरा शेगड्या बघून आला. शनिवारी शेडच्या दाराला नोटीस लागली. खोली रिकामी करायला महिन्याची मुदत होती, शेडला तेवढीही नव्हती.

गल्लीला सगळं तेव्हा कळलं. नोटीस रम्यानं मोठ्यानं वाचली, आणि 'मागील निवासी खोलीसह' ह्या शब्दांशी ती अडखळली. बायका महानंदाकडे बघायला लागल्या. शालननं पदर खोचला, चार पावलं पुढं आली, आणि इतक्या दिवसांनी बोलली ती एवढंच. "आम्हाला इचारलंस?" उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

महानंदाला रडत बसायला वेळ नव्हता. तिनं तवे उचलले. दोन मारतहळ्ळीच्या त्या हॉटेलाच्या मागच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवले आणि मालकाला सांगितलं, "भाकरी पाहिजे ना? मग जागा द्या." तिथं सहा जणी लागल्या. दोन तवे इंदिरानगरच्या एका मेसमध्ये गेले, तिथं पाच जणी. उरलेल्यांसाठी ती रोज उन्हातान्हात मोठ्या रस्त्यावरचे गाळे बघत फिरायची, आणि गाळा दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायची, "रस्ता किती फुटांचा?" पिशवीत शिंप्याची टेप असायची. एका दलालानं चाळीस सांगितले, तिनं मोजून छत्तीस काढले आणि त्याला तिथल्या तिथं झाडला.

शेड बंद झाल्यावर तिच्या खोलीत शेगडी उरली नव्हती. बायकांनी वार लावून घेतले. आज ह्या घरी, उद्या त्या घरी. नको म्हटलं तर पोरं हात धरून न्यायची. सतरा घरी ती जेवली. शालनच्या घरून बोलावणं आलं नाही, आणि न बोलावता जाईल ती महानंदा कसली.

दरम्यान अठरा घरांना वेगवेगळे अर्ज भरायला मिळाले. ते भरून गेले. सगळं सुरळीत झालं असं वाटत असतानाच, खोलीची मुदत संपायला आठ दिवस उरले असताना, मंजुनाथचा फोन आला. "अक्का, अठराही अर्ज अडकलेत. या जरा."

ती अशी तणतणत गेली की रिक्षावाल्यानं सुट्टे नाहीत म्हणायचंही धाडस केलं नाही. "आता काय झालं? तुम्ही स्वतः मोजून गेलात ना?" ती दारातूनच म्हणाली. "अठरा आमट्या गिळल्यात. आता कुठली चव राहिली?"

मंजुनाथनं अर्जांचा गठ्ठा तिच्यापुढं ठेवला. "एकच नाव सगळ्या अर्जांत आलंय. कॉम्प्युटरनं सगळे थांबवले. बघा कुणाचं ते."

सदस्यांच्या रकान्यात, खाली शेवटच्या ओळीत, महानंदा देवाप्पा. दुसऱ्या अर्जात महानंदा देवाप्पा. तिसऱ्यात. नात्याच्या रकान्यात कुणी आत्या लिहिलं होतं, कुणी मावशी, कुणी सासू, एकीनं नणंद. तुमकुरूच्या सुनेनं आजी लिहिलं होतं. महानंदा बावन्न वर्षांची, तेवढ्यातही तिला राग आला. एकीनं दुसरीला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दुसरीनं हक्क सांगितला असता, आणि महानंदाच्या कानावर गेलं असतं तर तिनं सगळ्यांना फैलावर घेतलं असतं.

"ह्या बायकांना अक्कल म्हणून नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. तिनं पदरानं नाक पुसलं. मंजुनाथ खिडकीबाहेर बघत बसला.

"नियमात चुकलं नाही त्यांचं," तो म्हणाला. "ज्यांच्याकडे जेवता त्यांचं कुटुंब. जेवता कुणाकडे सध्या?"

"सगळ्यांकडे. एक शालन सोडली तर."

"एकाच ठिकाणी राहू शकतं नाव. बाकीचं खोडून सही करा, की आजच पुढे पाठवतो सगळे."

तिनं पेन घेतलं. आत्या खोडली, मावशी खोडली, आजी जरा जोरानं खोडली. प्रत्येक रेघेपाशी सही. हात थांबू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं, कारण अठरा घरं तिच्या नावापायी अडली होती आणि ते तिला एक दिवसही खपणार नव्हतं. कुणा एकीकडे नाव ठेवलं तर सतरा जणी रुसणार, म्हणून सगळीकडचं खोडायचं. सतरा झाले. अठरावा शालनचा अर्ज. तिनं खालची ओळ बघितली. तिथं रम्याचं नाव होतं. त्याच्यावर शालनचं. आपलं नाव कुठं दिसेना.

"इथं नाही," ती म्हणाली.

"आहे. वर बघा."

पहिल्या ओळीत होतं. कुटुंबप्रमुख : महानंदा देवाप्पा. शालननं स्वतःला दुसऱ्या ओळीत, सदस्य म्हणून घातलं होतं. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, धाकटी बहीण.

"इथं खोडता येणार नाही," मंजुनाथ म्हणाला. "प्रमुखच खोडला तर अर्ज राहत नाही. शालन आणि तिच्या मुलीचं घर जाईल. खोडायचंय का?"

महानंदानं पान सरळ केलं. पानाच्या तळाशी प्रमुखाच्या सहीची जागा रिकामी होती. तिनं तिथं सही केली. ह्या वेळी अक्षर जरा वाकडं आलं.

तिथून ती थेट शालनच्या दारात आली. दुपारचा दीड वाजला होता. शालन आत शेगडीपाशी बसली होती, तिनं वळूनही बघितलं नाही.

"शालन, त्या अर्जावर काय लिहून ठेवलंस?"

"खरं तेच लिहिलंय."

"प्रमुख म्हणं. घर तुझं, अर्ज तुझा."

"ज्या माणसासंगं भांडून काय उपेग हुत न्हाई, त्यो घरातला प्रमुख," शालन म्हणाली. "मी एवढंच बघितलं." तिनं ताट घेतलं, आमटी वाढली, मग दुसरं ताट घेतलं. "पुन्यांदा आमाला न इचारता कुठं सही केलीस तर मात्र बघ."

महानंदानं चपला काढल्या आणि आत जाऊन हात धुतले.